वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया: स्लीव्ह की बायपास, कसे ठरवायचे?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करणारे रुग्ण तपासणीला येतात तेव्हा पुष्कळदा एक नाव मनात ठरवूनच येतात. कोणाच्या मेव्हण्याची हैदराबादला ‘स्लीव्ह’ झालेली असते, कोणी मोबाइलवर ‘मिनी बायपास’चा व्हिडिओ पाहिलेला असतो. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी अशी शस्त्रक्रिया करून घेतल्यापासून ‘त्यांनी केली तीच करा’ असे म्हणणारेही भेटतात. पण दुसऱ्याला लागू पडलेला प्रकार तुम्हालाही लागू पडेल, असे नसते. प्रकार ठरतो तो तुमच्या पित्तावरून, साखरेवरून, तुम्ही घेत असलेल्या गोळ्यांवरून, तंबाखूवरून, आणि शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर तपासण्या आणि गोळ्या सांभाळणे तुम्हाला किती जमेल यावरून. हिमायतनगर, किनवट, भोकर, हदगाव अशा भागांत राहणाऱ्यांसाठी शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण शस्त्रक्रिया करणारे सर्जन बहुधा दूरच्या शहरात असतात.

थोडक्यात

- स्लीव्हमध्ये जठर लहान होते, आतड्यांचा मार्ग बदलत नाही. बायपासमध्ये जठर लहान होते आणि आतड्यांचा मार्गही बदलतो.
- छातीत जळजळ, रात्री घशात आंबट येणे हा त्रास जास्त असेल तर स्लीव्हने तो वाढू शकतो. अशा रुग्णाला सहसा बायपास सुचवतात.
- गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळी लागत असेल किंवा तंबाखू सुटत नसेल, तर बायपासनंतर अल्सरचा धोका वाढतो.
- कोणताही प्रकार केला तरी जीवनसत्त्वे आणि रक्ततपासण्या आयुष्यभर लागतात. बायपासनंतर त्यात हयगय अजिबात चालत नाही.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

यासाठी बीएमआय पाहतात. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. उंची ५ फूट १ इंच, म्हणजे १.५५ मीटर, आणि वजन ९२ किलो असेल तर बीएमआय सुमारे ३८ येतो.

१९९१ पासून जगभर वापरात असलेला जुना निकष असा होता: बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेहासारखा आजार. आपल्या लोकांमध्ये कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर होतो, म्हणून आशियाई रुग्णांसाठी हे आकडे अडीचने खाली आणून ३७.५ आणि ३२.५ असे वापरले जाऊ लागले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संस्थांनी निकष आणखी खाली आणले: ३५ च्या वर आजार असो वा नसो, आणि ३० ते ३५ दरम्यान मधुमेहासारखा आजार असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. आशियाई लोकांसाठी हा विचार २७.५ पासून करता येतो, असेही त्यांनी म्हटले आहे.

निकषात बसणे म्हणजे शस्त्रक्रिया केलीच पाहिजे असे नाही. आहार, चालणे आणि औषधे यांचा प्रामाणिक प्रयत्न आधी झालेला असावा. थायरॉइडसारखे वजनवाढीचे कारण तपासलेले असावे. दारूचे व्यसन किंवा उपचार न घेतलेला मानसिक आजार असेल तर आधी त्याकडे लक्ष द्यावे लागते.

मुख्य प्रकार

*स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी.* दुर्बिणीने जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून बाहेर काढतात. केळीच्या आकाराची एक नळी उरते. थोड्या खाण्याने पोट भरते आणि भुकेचे एक हार्मोन तयार करणारा भाग निघून गेल्याने भूकही कमी लागते. आतड्यांना हात लावत नाहीत, त्यामुळे वेळ कमी लागतो आणि पोषक द्रव्यांची कमतरता बायपासपेक्षा कमी होते. मात्र काढलेले जठर परत बसवता येत नाही. स्टेपलच्या रेषेतून गळती होणे ही क्वचित पण गंभीर गुंतागुंत आहे. दीर्घकाळात सर्वांत जास्त तक्रार येते ती पित्ताची.

वजन फारच जास्त असेल तर स्लीव्ह हा पहिला टप्पा म्हणूनही करतात. २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर स्लीव्हच केली गेली. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले गेले होते. अशा रुग्णाला भूल देणेच जोखमीचे असते, म्हणून लहान शस्त्रक्रिया आधी करतात. इमान यांचे वजन बरेच उतरले, पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबी येथे त्यांचे निधन झाले. वर्षानुवर्षांच्या लठ्ठपणाने हृदय, मूत्रपिंडे यांना झालेली इजा वजन उतरले तरी पूर्ण भरून येतेच असे नाही, हेही लक्षात ठेवावे.

*गॅस्ट्रिक बायपास.* याचे पूर्ण नाव रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास. जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, पण अन्न त्यातून जात नाही. पित्ताच्या त्रासावर आणि मधुमेहावर याचा परिणाम चांगला असतो. तोटे असे: लोह, बी-१२, कॅल्शियम यांची कमतरता, जोडाच्या जागी अल्सर, मूतखड्याची शक्यता, आणि काही वर्षांनंतरही आतडे आतल्या फटीत अडकण्याचा धोका. गोड खाल्ले की घाम, धडधड, चक्कर आणि जुलाब होऊ शकतात. याला डम्पिंग म्हणतात. बाजूला ठेवलेल्या जठरात पुढे नेहमीची एंडोस्कोपी पोहोचत नाही, हेही माहीत असावे.

*मिनी गॅस्ट्रिक बायपास.* यात दोनऐवजी एकच जोड असतो. म्हणून वेळ कमी लागतो आणि वजन व साखर चांगली उतरते. भारतात ही शस्त्रक्रिया बऱ्याच ठिकाणी होते. ‘मिनी’ या नावाने फसू नका, कारण यातही आतड्याचा दीड ते दोन मीटर भाग वगळला जातो. प्रथिने आणि लोहाची कमतरता, पातळ जुलाब आणि यकृतातले हिरवट पित्त वर चढणे हे याचे तोटे आहेत.

*इतर.* जठराला पट्टा बसवण्याची पद्धत आता फारच कमी झाली आहे. ड्युओडेनल स्विचसारख्या मोठ्या शस्त्रक्रियांनी वजन सर्वांत जास्त उतरते, पण कुपोषणाचा धोकाही सर्वांत जास्त असतो. पोटात फुगा ठेवणे ही शस्त्रक्रिया नव्हे. फुगा काही महिन्यांनी काढावा लागतो आणि त्यानंतर वजन परत येणे सर्रास दिसते.

अभ्यास काय सांगतात?

पहिल्या एक-दोन वर्षांत स्लीव्हने एकूण वजनाच्या साधारण २५ टक्के आणि बायपासने साधारण ३० टक्के वजन उतरते. ९२ किलोच्या व्यक्तीसाठी हा फरक चार-पाच किलोंचा आहे. केवळ तेवढ्यासाठी बायपास निवडू नये आणि केवळ ‘छोटी शस्त्रक्रिया’ म्हणून स्लीव्हही निवडू नये.

फिनलंडमध्ये २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून दहा वर्षे पाहिले गेले. वजन बायपासच्या गटात थोडे जास्त उतरलेले राहिले. मोठा फरक अन्ननलिकेत दिसला. पित्ताने अन्ननलिकेला आलेली सूज स्लीव्हनंतर ३१ टक्के रुग्णांत, तर बायपासनंतर ७ टक्के रुग्णांत आढळली. फ्रान्समधील एका अभ्यासात मिनी बायपास आणि नेहमीचा बायपास यांची दोन वर्षे तुलना झाली. वजनात फरक नव्हता, पण जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी मिनी बायपासनंतर जास्त होत्या.

मधुमेहाबाबत अमेरिकेतील १५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी साखर ६ किंवा त्याखाली असलेले रुग्ण बायपासनंतर २९ टक्के, स्लीव्हनंतर २३ टक्के आणि फक्त औषधांवर ५ टक्के होते. म्हणजे शस्त्रक्रियेचा फायदा स्पष्ट आहे, पण ‘शुगर कायमची जाते’ हे आश्वासन बरोबर नाही. मधुमेह जुना असेल, इन्सुलिन सुरू असेल तर तो पूर्ण नाहीसा होण्याची शक्यता कमी असते.

तुमच्यासाठी कोणती? हे सात मुद्दे पाहा

१. पित्त. आठवड्यातून अनेकदा छातीत जळजळ, करपट ढेकर, झोपेत घशाशी आंबट येणे हे असेल तर सर्जनला नक्की सांगा. त्रास नसला तरी शस्त्रक्रियेआधी एंडोस्कोपी करून घ्या. अन्ननलिकेला जास्त सूज, आतल्या थरात बदल किंवा मोठा हायटस हर्निया दिसला तर पारडे बायपासकडे झुकते.

२. मधुमेह. साखर औषधांनी आटोक्यात येत नसेल तर बायपासचा फायदा थोडा जास्त मिळतो.

३. वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या बायपासनंतर टाळाव्या लागतात. सांधेवात किंवा कंबरदुखीमुळे या गोळ्या पुढेही लागणार असतील तर स्लीव्हचा विचार आधी होतो.

४. तंबाखू. बिडी, सिगारेट, चुना-तंबाखू, गुटखा, मिश्री हे सारे बायपासच्या जोडाला घातक आहे. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी ते बंदच करायचे आहे. सुटेल अशी खात्री नसेल तर तसे खरे सांगा. त्यावरून निर्णय बदलतो.

५. रक्त आणि पोषण. पाळीत जास्त रक्तस्राव, हिमोग्लोबिन कमी, मांसाहार नाही, आधीपासून बी-१२ कमी: अशा स्त्रीला बायपासनंतर रक्तक्षयाचा धोका जास्त असतो.

६. इतर आजार. वारंवार मूतखडा, यकृताचा जुना आजार, आतड्याच्या आधी झालेल्या शस्त्रक्रिया, जवळच्या नात्यात जठराचा कर्करोग, मिरगीची किंवा मनोविकाराची रोजची औषधे. यांतले काही असेल तर आतड्यांना हात न लावणारा प्रकार बरा ठरू शकतो.

७. अंतर आणि सातत्य. पहिल्या वर्षी तीन-तीन महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी तपासणी लागते. पेरणी असो, काढणी असो वा घरचे लग्न, रोजच्या गोळ्या चुकवून चालत नाही. हे जमणार नसेल तर आतड्यांचा मोठा भाग वगळणारी शस्त्रक्रिया धोक्याची ठरते.

दोन उदाहरणे

समजा, ४२ वर्षांच्या एक ताई आहेत. उंची ५ फूट १ इंच, वजन ९२ किलो. मधुमेह नाही, पित्त नाही. दोन्ही गुडघे दुखतात, रोज एक वेदनाशामक गोळी घेतात. हिमोग्लोबिन ९. त्यांच्यासाठी स्लीव्ह जास्त योग्य दिसते. पण आधी हिमोग्लोबिन वाढवायचे, आणि ते का कमी झाले याचे कारण शोधायचे.

समजा, ५० वर्षांचे एक काका आहेत. उंची ५ फूट ६ इंच, वजन ९८ किलो, बीएमआय सुमारे ३५. सहा वर्षांपासून मधुमेह, तीन महिन्यांची सरासरी ९.२. रात्री पित्त घशाशी येते. त्यांच्यासाठी रू-एन-वाय बायपास योग्य दिसतो. पण ते दिवसातून आठ-दहा वेळा चुना-तंबाखू खातात. तंबाखू सुटून काही आठवडे जाईपर्यंत तारीख घेणे योग्य नाही.

दोघे एकाच गल्लीतले असले, एकाच सर्जनकडे गेले, तरी उत्तर वेगळे आहे.

नवी इंजेक्शने आली आहेत, मग शस्त्रक्रिया का?

टिर्झेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये आले. दोन्ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने आहेत आणि त्यांनी वजन खरोखर उतरते. बीएमआय ३० च्या आसपास असेल तर आधी हा पर्याय डॉक्टरांशी बोलून पाहणे रास्त आहे. पण इंजेक्शन बंद केल्यावर वजन बहुतेकांचे परत वाढते, म्हणून खर्च महिन्याचा नव्हे, वर्षांचा धरावा. वजन फार जास्त असेल तर शस्त्रक्रियेचा परिणाम आजही जास्त आणि टिकाऊ आहे.

खर्च आणि विमा

विम्याचा निकष वैद्यकीय निकषापेक्षा कडक असतो. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार वय १८ च्या वर आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. ३५ किंवा जास्त असेल तर सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह हवा, आणि आधीचे साधे उपचार अपुरे पडलेले असावेत. वरच्या उदाहरणातल्या ताई आणि काका, दोघेही यात बसत नाहीत. काकांचा बीएमआय नेमका मोजला तर ३४.९ येतो. म्हणून तारीख घेण्याआधी विमा कंपनीकडून लेखी मंजुरी घ्या. सरकारी योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. खर्चाचा अंदाज मांडताना पुढच्या गोळ्या, रक्ततपासण्या आणि प्रवास धरायला विसरू नका. ज्याच्यासाठी शेत गहाण ठेवावे लागेल, असा निर्णय घाईने घेऊ नये.

शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य

पहिले दोन आठवडे पातळ, मग कुस्करलेले, आणि साधारण सहा आठवड्यांनी नेहमीचे जेवण. ज्वारीची भाकरी सुरुवातीला अडकू शकते. ती ताकात किंवा वरणात मऊ भिजवून, घास बारीक चावून खावी. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. पातळ वरणाने ती भरून निघत नाहीत. अंडी, दही, पनीर, घट्ट डाळ, उसळ, सोयाबीन, मासे, चिकन यांतून ती जुळवावी लागतात. जेवताना पाणी पिऊ नये. गुळाचा चहा, उसाचा रस, थंड पेये टाळावीत. दारू बायपासनंतर लवकर आणि जास्त चढते.

मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ हे कायमचे सोबती. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस पहिल्या दिवसापासून कमी करावा लागू शकतो. जुना डोस तसाच घेत राहिल्यास साखर धोकादायक खाली जाते.

वजन उतरू लागले की गर्भधारणेची शक्यता वाढते. पण बाळ आणि आई दोघांसाठी १२ ते १८ महिने थांबणे गरजेचे आहे. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण विसंबू नये. दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा.

या लक्षणांना थांबू नका

- पहिल्या महिन्यात ताप, नाडी १२० च्या वर, धाप, पोटात किंवा खांद्यात दुखणे. ही गळतीची किंवा फुप्फुसात गुठळी अडकल्याची लक्षणे असू शकतात.
- दोन-तीन दिवस सतत उलट्या. यात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, झपाट्याने कमी होते आणि मेंदूला इजा होऊ शकते. अशा रुग्णाला ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिन द्यावे लागते. गावातल्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.
- बायपासनंतर कितीही वर्षांनी, जेवणानंतर पोटात येणारी तीव्र कळ. आतडे अडकलेले असू शकते. वेदनेचे इंजेक्शन घेऊन घरी थांबू नका, त्याच दिवशी नांदेडसारख्या ठिकाणी सीटी स्कॅन आणि सर्जन गाठा.
- काळी शौच, रक्ताची उलटी.

एका कार्डावर शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, सर्जनचा फोन आणि ‘डायक्लोफिनॅक देऊ नये, थायमिन आधी द्यावे’ असे लिहून घ्या. ते आधार कार्डासोबत ठेवा आणि त्याचा फोटो घरच्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. रात्री दोन वाजता जवळच्या दवाखान्यात नेणाऱ्या मुलाला हे माहीत असणे फार महत्त्वाचे असते.

सर्जनला विचारायचे प्रश्न

- माझ्यासाठी हाच प्रकार का? दुसरा का नको?
- माझ्या एंडोस्कोपीत काय दिसले?
- तुम्ही हा प्रकार वर्षाला किती करता, आणि गरज पडली तर दुसरा प्रकारही करता का?
- वजन परत वाढले किंवा पित्त वाढले तर पुढे काय?
- शस्त्रक्रियेनंतर किती दिवस शहरात राहावे लागेल?
- माझ्या रक्ततपासण्या नांदेडला करून तुम्हाला फोनवर दाखवल्या तर चालतील का? प्रत्यक्ष कधी यावेच लागेल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या तपासण्यांचा आधार घेऊन मिळाले पाहिजे. ‘आम्ही सगळ्यांची हीच करतो’ असे उत्तर आले तर दुसऱ्या सर्जनचे मत जरूर घ्या. ही तातडीची शस्त्रक्रिया नाही. महिना-दोन महिने विचारात गेले तर सहसा नुकसान होत नाही. त्या काळात तंबाखू सोडणे, हिमोग्लोबिन वाढवणे, साखर आटोक्यात आणणे आणि रोज चालणे सुरू करता येते. शस्त्रक्रिया कोणतीही ठरो, ती अधिक सुरक्षित करण्याचे हे काम तुमच्या हातात आहे.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या प्रकृतीनुसार निर्णय तुमच्या डॉक्टरांशी चर्चा करूनच घ्या.*